सगळेच ओळखीचे

आइसलँडच्या 'मॉर्गुनब्लादिद' या दैनिकातली मृत्युलेखांची पानं पाहिल्याशिवाय त्या देशाच्या वर्तमानपत्रांबद्दल बोलूच नये, असं माझं मत आहे. चौकटीत फोटो, खाली तारीख आणि 'शोकाकुल परिवार', अशी ती पानं नसतात. गेलेल्या माणसाबद्दल ज्याला लिहावंसं वाटेल तो लिहितो आणि पेपर ते छापतो, पैसे न घेता. मुलं लिहितात, नातवंडं लिहितात, शाळेतली मैत्रीण लिहिते, एकाच बोटीवर मासेमारीला जाणारा सोबती लिहितो, कुणा शेजाऱ्याचाही एक परिच्छेद असतो. बहुतेकदा हे लेख अंत्यसंस्काराच्या दिवशी येतात. त्यातले कितीतरी गेलेल्या माणसालाच उद्देशून असतात: 'आजी, तुझ्या स्वयंपाकघरात आम्हाला कधी दार वाजवावं लागलं नाही.' मंत्र्याला आणि कवीला जे पान मिळतं तेच मासळीच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या बाईला मिळतं. कधी एकाच माणसावर दहा-बारा जणांनी लिहिलेलं असतं, आणि ते सलग वाचताना त्या माणसाचं अख्खं आयुष्य वेगवेगळ्या दारांतून आत जाऊन पाहिल्यासारखं दिसतं.

देशाची लोकसंख्या आज चार लाखांच्या जरा आत, म्हणजे आपल्या लातूर शहराएवढी. मी शिकायला म्हणून राजधानी रेक्याविकला गेले तेव्हा तर ती तीन लाखांच्या आसपासच होती. भाषावर्गात आमच्या शिक्षिकेने पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, की पाठ्यपुस्तक पुरे झालं, आता मृत्युलेख वाचायला लागा. त्यात वाक्यं साधी असतात, नातेवाइकांचे सगळे शब्द येतात, गावांची नावं येतात, कामधंद्यांची नावं येतात. मी वाचत गेले. भाषा किती आली ते सोडा, पण हळूहळू एक गोष्ट कळत गेली. मोठ्या देशात पेपर आपल्याला कधीच न भेटणाऱ्या माणसांची खबर देतो. तिथे बातमीतला माणूस वाचकाच्या चुलत भावाचा मेहुणा असतो, संपादकाच्या वर्गात असतो, छापणाऱ्याच्या गल्लीत राहतो. अशा ठिकाणी पेपर काढणं हे वेगळंच काम आहे. त्यात जी माया आहे ती मला दुसऱ्या कुठल्या वर्तमानपत्रात दिसली नाही, आणि जी भीती आहे तीही नाही. माया आणि भीती दोन्ही एकाच कारणातून येतात, हे समजायला मला त्यांचा जुना इतिहास वाचावा लागला.

तो वाचणं सोपं आहे, कारण त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी नियतकालिकं पानन् पान स्कॅन करून 'तिमारित' या संकेतस्थळावर सगळ्या जगाला मोफत खुली केली आहेत. शेजारच्या ग्रीनलंडची आणि फेरो बेटांचीसुद्धा. आता पुण्यात बसून मी १८५० सालच्या रेक्याविकमध्ये घोड्याची किंमत काय होती ते शोधू शकते. ज्यांनी हे काम केलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

आइसलँडमध्ये छापखाना लवकर आला. १५३० च्या सुमाराला बिशप योन आरासन यांनी तो उत्तरेकडे होलारला आणला. पुढे दोन-अडीचशे वर्षं छपाई चर्चच्याच ताब्यात राहिली, म्हणजे बायबल, स्तोत्रं, प्रवचनं. १५८४ मध्ये अख्खं बायबल आइसलँडिक भाषेत छापून झालं होतं, पण बातमी छापायची असते ही कल्पना यायला १७७३ साल उजाडलं. ब्रेदाफ्योर्दुर या पश्चिमेकडच्या खाडीत ह्राप्पसे नावाचं एक छोटंसं बेट आहे. तिथे चर्चबाहेरचा पहिला छापखाना निघाला आणि माग्नुस केतिलसन या अधिकाऱ्याने तिथून मासिक सुरू केलं. ते डॅनिश भाषेत होतं. देश डेन्मार्कच्या राजाचा होता, आणि आइसलँडची हालहवाल कोपनहेगनच्या साहेबांना कळावी हा हेतू होता. म्हणजे देशातलं पहिलं नियतकालिक देशातल्या बहुतेक माणसांसाठी नव्हतंच. १७७६ मध्ये ते बंद पडलं.

त्यानंतरच्या काळात बातमीचा वेग समुद्र ठरवत होता. हिवाळ्यात जहाजं येत नसत. वसंतात पहिलं जहाज आलं, की सहा-सात महिन्यांच्या युरोपच्या घडामोडी एकदमच येत. म्हणून १८२७ मध्ये आइसलँडिक साहित्य मंडळाने कोपनहेगनहून 'स्कीर्निर' सुरू केलं, ते चक्क वार्षिक होतं. वर्षभर जगात काय घडलं याचा एक वृत्तांत, वर्षातून एकदा. मला हे वाचून आधी आश्चर्य वाटलं आणि मग हेवा वाटला. लिहिणाऱ्याला वर्षभराचं सगळं समोर ठेवून काय महत्त्वाचं ते ठरवायला वेळ होता, आणि वाचणाऱ्यालाही तो अंक पुढचं जहाज येईपर्यंत पुरवायचा होता. 'स्कीर्निर' अजून निघतं. आता ते साहित्य आणि विचार यांचं नियतकालिक आहे, आणि नॉर्डिक देशांत आजही चालू असलेल्यांपैकी सर्वांत जुनं मानलं जातं.

हे अंक वाचले कसे जात, तेही सांगायला हवं. गवताच्या छपराची, मातीच्या भिंतींची घरं. हिवाळ्यात सगळी माणसं एकाच खोलीत झोपत, जेवत आणि काम करत. संध्याकाळी दिवा लागला की लोकर पिंजणं, सूत काढणं, विणणं चाले आणि एक जण मोठ्याने वाचे. आधी जुन्या सागा, म्हणजे पूर्वजांच्या गद्य कहाण्या वाचत, प्रवचनं वाचत, 'रीमुर' म्हणजे यमकबद्ध लांबलचक कथाकाव्यं चालीवर म्हणत. नियतकालिकं आली तेव्हा तीही त्याच बैठकीत जाऊन बसली. एका अंकाचे वाचक मोजायचे तर वर्गणीदार मोजून चालत नाही, खोलीतले कान मोजावे लागतात. शेतावरची मोलकरीण, जिला वर्गणी भरणं स्वप्नातही शक्य नव्हतं, तीसुद्धा पॅरिसमधल्या क्रांतीबद्दल ऐकत होती. हातातलं काम न थांबवता.

अशाच श्रोत्यांपुढे १८३५ मध्ये 'फ्योल्निर' आलं. कोपनहेगनमध्ये शिकणाऱ्या चार तरुणांनी काढलेलं. त्यांतला योनास हाल्ग्रिमसन आज राष्ट्रकवी आहे. त्याचा जन्मदिवस, १६ नोव्हेंबर, हा तिथे भाषा दिन म्हणून पाळतात. आपला झोपलेला देश जागा करायचा, भाषा डॅनिश शब्दांतून सोडवून स्वच्छ करायची, अशी त्यांची ईर्षा होती. १८४७ पर्यंत जेमतेम नऊ अंक निघाले. त्या काळी वाचकांना ते फारसं रुचलंही नव्हतं. उच्चाराबरहुकूम केलेलं नवं शुद्धलेखन वाचून तर लोक वैतागले होते. पण आज आइसलँडचा कुणीही शाळकरी मुलगा त्या नऊ अंकांचं नाव सांगू शकतो.

१८३७ च्या अंकात योनासने सिगुर्दुर ब्रेद्फ्योर्द या लोकप्रिय कवीच्या रीमुरचं परीक्षण केलं. परीक्षण कसलं, कत्तलच ती. ही रचना म्हणजे ठोकळेबाज यमकं, ही वाचून लोकांची अभिरुची बिघडते, असा एकूण सूर. वाङ्मयाच्या इतिहासात या लेखाला वळण मानतात, आणि कवितेच्या बाजूने पाहिलं तर योनासचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तरीही तो लेख वाचताना मला त्रास झाला. साठ हजारांच्या आतली वस्ती. कवीचं नाव घराघरात माहीत. त्याच्या रचना ज्या खोल्यांत म्हटल्या जात, त्याच खोल्यांत हे परीक्षणही वाचलं जाणार. लंडनमधल्या कवीला टीका झोंबली तर तो दुसऱ्या पेठेत जाऊन राहू शकतो. इथे पेठ एकच. सिगुर्दुर १८४६ मध्ये रेक्याविकमध्ये अत्यंत गरिबीत वारला. त्याच्या गरिबीचं पाप त्या लेखावर टाकणं अन्याय होईल. पण छोट्या देशात छापलेला शब्द किती जवळून लागतो, हे मला तिथे कळलं. योनासही त्याच्या आधीच्या वर्षी कोपनहेगनमध्ये गेला होता. जिन्यावरून पडून पाय मोडल्याचं निमित्त झालं. वय ३७.

देशात, देशाच्या भाषेत, नियमित निघणारं खरं वृत्तपत्र म्हणजे १८४८ च्या नोव्हेंबरात सुरू झालेलं 'थ्योदोल्फुर'. संपादक स्वेनब्योर्न हाल्ग्रिमसन. रेक्याविक तेव्हा हजारभर वस्तीचं गाव होतं. युरोपभर त्या वर्षी क्रांत्या झाल्या होत्या आणि स्वेनब्योर्न अधिकाऱ्यांना न भिता लिहीत होता. अडचण अशी, की अख्ख्या देशात छापखाना एकच आणि तो सरकारी देखरेखीखालचा. १८५० मध्ये अधिकाऱ्यांनी सांगून टाकलं, की तुमचा अंक इथे छापला जाणार नाही. कायदा करावा लागला नाही, खटला भरावा लागला नाही. खिळे जुळवायला नकार दिला, की पत्रकारिता बंद. मग स्वेनब्योर्न जहाजात बसला आणि ज्या कोपनहेगनमधून सत्ता चालत होती त्याच कोपनहेगनला गेला. तिथे आदल्याच वर्षी नवी राज्यघटना आली होती आणि छापायला मोकळीक होती. त्याने अंक छापून परत आणला. नाव फक्त बदललं, 'ह्ल्योदोल्फुर' केलं. पुढे पेपर पूर्वीच्या नावाने पुन्हा सुरू झाला. १८५२ मध्ये उत्तरेला आकुरेरीत दुसरा छापखाना उभा राहिला, आणि एकाच दाराला कुलूप घालून देश गप्प करण्याची सोय संपली. माझ्या मते आइसलँडच्या मुद्रणस्वातंत्र्याची खरी तारीख कुठल्याही कायद्याची नाही, ती त्या दुसऱ्या छापखान्याची आहे.

त्या काळातलं माझं सर्वांत आवडतं माणूस मात्र ब्रीएत ब्यार्नहेदिन्सदोत्तिर. १८५६ चा जन्म, उत्तरेकडच्या शेतकऱ्याच्या घरातली मुलगी. बाहेरचं कष्टाचं काम भावांच्या बरोबरीने करायचं आणि घरात आल्यावर भाऊ आराम करत असताना पुन्हा स्वयंपाक, धुणं, विणकाम. सोळाव्या वर्षी तिने या अन्यायावर लिहून ठेवलं आणि कुणाला दाखवलं नाही. १८८५ मध्ये ती रेक्याविकला आली आणि ते लिखाण नव्याने मांडून तिने 'फ्यालकोनान' या पेपराकडे दिलं. स्त्रियांचं शिक्षण आणि हक्क यांवर दोन शब्द, असा साधा मथळा. खाली तिचं नाव नव्हतं, 'आएसा' असं टोपणनाव होतं. आइसलँडच्या वर्तमानपत्रात स्त्रीने लिहिलेला हा पहिला लेख समजतात. १८८७ च्या डिसेंबरात तिने जाहीर व्याख्यानही दिलं. तेही त्या देशात एखाद्या स्त्रीने दिलेलं पहिलंच.

'फ्यालकोनान'चे संपादक वाल्दिमार आउस्मुन्द्सन. पुढे ब्रीएतने त्यांच्याशीच लग्न केलं. हा माणूसही विलक्षण. १९०० मध्ये त्यांनी आपल्या पेपरात ड्रॅक्युलाच्या कादंबरीचं क्रमशः भाषांतर सुरू केलं. मूळ इंग्रजी पुस्तक जेमतेम तीन वर्षांपूर्वीचं. शंभरहून अधिक वर्षं सगळ्यांनी ते भाषांतरच मानलं. २०१४ मध्ये एका डच अभ्यासकाच्या ध्यानात आलं, की कथानक भलतंच वेगळं आहे, पात्रं वेगळी आहेत, शेवट वेगळा आहे. पुढे कळलं, की त्याच्या मुळाशी स्वीडिश वर्तमानपत्रातलं एक बदललेलं रूप होतं. पाऊण लाखाच्या वस्तीतला एक पेपर स्टॉकहोमकडे डोळे लावून बसतो, तिथलं सनसनाटी कथानक उचलतो, त्याला सागांच्या भाषेचा बाज देतो आणि अंधाऱ्या हिवाळ्यात हप्त्याहप्त्याने देशाला वाचायला लावतो. संपादक हा किती भुकेला वाचक असावा लागतो, ते यावरून दिसतं.

१८९५ मध्ये ब्रीएतने स्वतःचं मासिक काढलं, 'क्वेन्नाब्लादिद', म्हणजे बायकांचा पेपर. त्याच वर्षी पूर्वेकडच्या सेदिस्फ्योर्दुर या बंदराच्या गावातून आणखी एक स्त्रियांचं नियतकालिक निघालं होतं. एवढ्याशा देशात एकाच वर्षी दोन! ब्रीएतच्या अंकात सुरुवातीला घरगृहस्थी, शिवणकाम, मुलांचं संगोपन यांवर भर होता, कारण वर्गणी घरातूनच येणार होती. मतदानाचा प्रश्न हळूहळू आत शिरला आणि मग पानं व्यापून बसला. वाल्दिमार १९०२ मध्ये गेले. दोन मुलं, मासिक आणि चळवळ ती एकटीने ओढत राहिली. १९०८ मध्ये रेक्याविकच्या नगरपालिकेत बायकांच्या यादीतल्या चारही जणी निवडून आल्या, त्यांत ती होती. १९१५ मध्ये चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांना संसदेसाठी मताचा हक्क मिळाला. मासिक १९१९ पर्यंत चाललं. चोवीस वर्षं! मी त्याचे अंक स्क्रीनवर एकामागून एक उघडून पाहिले आहेत. कागद साधा, चित्रं थोडी, आणि वाचक बाईला कुठेही लहान न समजणारी भाषा.

याच सुमाराला हजारो माणसं देश सोडून कॅनडाला गेली. ज्वालामुखीची राख, थंडी, उपासमार यांनी हैराण झालेली. विनिपेग सरोवराच्या काठी त्यांनी वसाहत केली आणि १८७७ मध्ये, म्हणजे वसाहतीला दोन वर्षं होत नाहीत तोच, 'फ्रामफारी' नावाचा पेपर काढला. देवीच्या साथीत माणसं गमावून जेमतेम उभ्या राहिलेल्या वस्तीने छापखाना मागवला, यावर आणखी काय बोलायचं. तो तीन वर्षांत बंद पडला. मग 'हेम्सक्रिंग्ला' आणि 'लोगबेर्ग' आले, एकमेकांशी वर्षानुवर्षं भांडले आणि १९५९ मध्ये एक झाले. जोडनावाने तो पेपर विनिपेगहून अजून निघतो, आता इंग्रजीत.

विसावं शतक पक्षांच्या पेपरांचं. १९१३ चं 'मॉर्गुनब्लादिद' उजव्यांच्या बाजूचं, 'तीमिन' शेतकऱ्यांच्या पक्षाचं, 'आल्थिदुब्लादिद' समाजवादी लोकशाहीवाद्यांचं, 'थ्योद्विल्यिन' डाव्या टोकाचं. दारात कुठला पेपर पडतो यावरून घर कुणाला मत देतं ते कळे. हा प्रकार मला फारसा आकर्षक वाटत नाही, पण एक कबूल करायला हवं: प्रत्येक बाजूला स्वतःचा आवाज होता आणि त्यामुळे कुणाचाही आवाज पुरता दाबता येत नव्हता. अपवाद १९४१ चा. ब्रिटिश सैन्याने आदल्या वर्षी देश ताब्यात घेतला होता. त्यांनी 'थ्योद्विल्यिन'वर बंदी घातली आणि त्याच्या तीन पत्रकारांना पकडून इंग्लंडला नेलं. त्यांतला एक संसदेचा सदस्य होता. गंमत म्हणजे या पेपराला ज्यांनी आयुष्यभर विरोध केला त्यांच्यातूनही या अटकेविरुद्ध नाराजी उमटली. पक्ष कुठलाही असो, माणूस आपल्या ओळखीचा होता. शतकाच्या शेवटी 'मॉर्गुनब्लादिद' सोडून हे पक्षांचे पेपर एकेक करून संपले. 'थ्योद्विल्यिन' १९९२ मध्ये, बाकीचे त्याच दशकात.

मग २००१ मध्ये 'फ्रेत्ताब्लादिद' आलं. फुकट दैनिक, घरोघरी पोचवलं जाणारं. मी शिकत असताना पहाटे हाच पेपर टाकायचं काम करत होते. तिथे पेपरची लाइन मुख्यतः शाळकरी मुलं, म्हातारी माणसं आणि आमच्यासारखे परदेशी टाकत. सकाळी सातच्या आत शेवटच्या दारात पेपर पडायला हवा. हिवाळ्यात तर त्यानंतरही तीन-चार तास उजाडायचं नाही. दारांना पितळेची फट असते आणि तिच्यावर घरातल्या सगळ्यांची नावं, मुलांचीसुद्धा. आडनाव नसलेल्या देशात एकाच दारावर चार जणांची चार वेगवेगळी नावं असतात. त्या नावांवरून मी घरं ओळखायला शिकले. काही महिन्यांनी मृत्युलेखांच्या पानावर माझ्या लाइनवरचं एक नाव आलं. त्या बाईंना मी कधी पाहिलंही नव्हतं, फक्त त्यांच्या दारात पेपर टाकत होते. त्या दिवशी मी त्यांच्यावरचे सगळे लेख शब्दकोश घेऊन वाचले. विमानतळावर टंकलेखिका होत्या, ब्रिज चांगला खेळत, आणि एका शेजारणीने लिहिलं होतं की बर्फ साफ करायला त्या सगळ्यांच्या आधी खाली उतरत.

२००८ चा ऑक्टोबर मी त्या पिशवीतून खांद्यावर वाहिला. एका आठवड्यात देशाच्या तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या. पहिल्या पानाचे मथळे मला माझ्या तुटपुंज्या आइसलँडिकमध्येही कळत होते. नंतरच्या महिन्यांत लोक संसदेसमोर भांडी बडवत उभे राहिले आणि जानेवारीत सरकार गेलं. पण मला जो प्रश्न पडला होता तो आजही तसाच आहे: आधी कुणी का लिहिलं नाही? उत्तर त्याच ओळखीत होतं. 'फ्रेत्ताब्लादिद'च्या मागचा उद्योगसमूह ग्लित्निर बँकेचा मोठा भागधारक. 'मॉर्गुनब्लादिद'चे एक प्रमुख मालक लांद्सबांकी या बँकेचे अध्यक्ष. २००४ मध्ये सरकारने माध्यमांच्या मालकीवर मर्यादा घालणारा कायदा आणला होता. राष्ट्राध्यक्षांनी त्यावर सही करायला नकार दिला, प्रजासत्ताकाच्या इतिहासात पहिल्यांदाच, आणि तो मागे घ्यावा लागला. त्या कायद्यामागे पंतप्रधानांचा एका उद्योगपतीवरचा राग होता, असं तेव्हा सगळे म्हणत, आणि रागातून आलेला कायदा म्हणून तो बुडाला. दुःख असं, की प्रश्न खरा होता. त्याच पंतप्रधानांनी, दाविद ओद्सन यांनी, पुढे मध्यवर्ती बँक सांभाळली. बँका बुडाल्या तेव्हा ते तिचे गव्हर्नर होते, आणि २००९ मध्ये ते 'मॉर्गुनब्लादिद'चे संपादक झाले. कितीतरी घरांनी त्या वेळी वर्गणी बंद केली. मला त्या घरांचं म्हणणं पटतं. ज्या घटनेचा इतिहास लिहायचा तिच्या केंद्रस्थानी असलेल्या माणसाने त्या इतिहासाचा संपादक होऊ नये.

एप्रिल २०१० मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला, नऊ खंडांचा, हजारो पानांचा. माध्यमांच्या निष्काळजीपणावरही त्यात ताशेरे होते. आणि मग रेक्याविकच्या नगर-नाट्यगृहाने असं काही केलं जे मला दुसऱ्या कुठल्या देशात सुचलं असतं असं वाटत नाही. नटांनी तो अख्खा अहवाल रंगमंचावरून मोठ्याने वाचला. आळीपाळीने, रात्रंदिवस, शेवटच्या पानापर्यंत. लोक येत, बसत, ऐकत, कामाला जात, परत येत. गवताच्या छपराखालची ती वाचनाची बैठक दीडशे वर्षांनी नाटकाच्या थिएटरात भरली होती.

त्यानंतरची चांगली पत्रकारिता तिथे बहुधा छोट्या, नव्या हातांनी केली. २०१६ चं पनामा प्रकरण पाहा. पंतप्रधान सिग्मुन्दुर दाविद यांच्या परदेशी कंपनीची कागदपत्रं योहानेस क्रिस्त्यान्सन या पत्रकाराच्या हाती होती. तो महिनोन्महिने गुपचूप काम करत होता, कारण या देशात एक शब्द बाहेर पडला तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतो. मुलाखतीसाठी त्याने स्वीडिश वाहिनीच्या पत्रकाराला पुढे केलं. पाहुणा सौम्य प्रश्न विचारत होता, मग एकदम कंपनीचं नाव आलं, आणि योहानेस पुढे होऊन आइसलँडिकमध्ये विचारू लागला. पंतप्रधान उठून गेले. मुलाखत दाखवल्यावर दोन दिवसांत त्यांचं पद गेलं. ओळखीच्या देशात खरा प्रश्न विचारायचा तर आधी अनोळखी माणूस आणावा लागतो, हे मला अजून अस्वस्थ करतं.

पुढच्याच वर्षी, निवडणूक दोन आठवड्यांवर आलेली असताना, बुडालेल्या ग्लित्निर बँकेच्या कागदपत्रांवरून तेव्हाच्या पंतप्रधानांच्या व्यवहारांबद्दल लिहायला 'स्तुन्दिन' या छोट्या पत्राला मनाई हुकूम मिळाला. पुढे न्यायालयांत तो टिकला नाही, पण मतदान तर होऊन गेलं होतं. 'स्तुन्दिन' २०१५ मध्ये वाचकांच्या वर्गणीतून उभं राहिलं होतं. २०२३ च्या जानेवारीत ते दुसऱ्या एका छोट्या पत्रात मिसळलं आणि 'हेमिल्दिन' झालं. त्याच महिन्यात 'फ्रेत्ताब्लादिद'ने घरोघरी पेपर टाकणं थांबवलं आणि ३१ मार्चला ते बंदच पडलं. मी टाकलेल्या लाइनवर आता कुणीच पेपर टाकत नाही. वर्षानुवर्षं देशात सर्वाधिक वाचला गेलेला पेपर होता तो. जाहिरातीचा पैसा परदेशी कंपन्यांच्या संकेतस्थळांकडे गेला, कागद महागला, आणि एवढ्याशा वस्तीत तोटा पसरून घ्यायलाही जागा नसते. सरकार आता खाजगी माध्यमांना थोडं अनुदान देतं. मी त्याच्या बाजूची आहे. ज्या भाषेचे एकूण वाचक एका मध्यम शहराएवढे, तिच्यात बातमी लिहिणं बाजाराच्या हिशोबात कधीच बसलेलं नव्हतं. 'फ्योल्निर'ही बसलं नव्हतं.

आणि वाचक बदलले आहेत. आज त्या देशात पाचातला जवळपास एक माणूस बाहेरून आलेला आहे, सर्वांत जास्त पोलंडहून. सरकारी नभोवाणी पोलिश आणि इंग्रजीतही बातम्या देते, २००३ पासून 'ग्रेपवाइन' हे इंग्रजी पत्र निघतं, ते चांगलं आहे. पण ही वेगळी पानं वेगळीच राहिली तर या माणसांची नावं दारावरच्या पाटीपुरतीच राहतील. ब्रीएत रेक्याविकला आली तेव्हा तिच्याकडे ना पदवी होती ना ओळख, होता तो एक लेख, आणि एका संपादकाने तो छापला. आज हॉटेलात खोल्या आवरणारी, पंधरा वर्षं तिथे राहिलेली एखादी बाई आपल्या मोडक्या आइसलँडिकमध्ये पगाराबद्दल, भाड्याबद्दल, शाळेत मुलाला मिळालेल्या वागणुकीबद्दल लिहीत असेल. तिचं व्याकरण चुकेल. संपादकाने ते सुधारावं, पण तिचं म्हणणं सुधारू नये. आणि लेख पहिल्या पानांत घ्यावा, तिच्या खऱ्या नावाने.